पहिली कळी

टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. स्वतःचं कौतुक चाललेलं असताना टाळ्या वाजवू नयेत एवढं मला कळतं, पण डोक्याला फेटा आवळून बांधलेला होता, मांडीवर नारळ, खांद्यावरून घसरणारी शाल, आणि समोरचं अख्खं सभागृह वाजवत होतं म्हणून माझेही हात वाजले. दोन-तीनदा वाजल्यावर मला कळलं की सर काय बोलले. सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये डाळिंबवाल्यांचा मेळावा होता. आधी तेल्या रोगावर एका शास्त्रज्ञांचं भाषण, मग चहा, मग माझा सत्कार. दुष्काळी भागातल्या डाळिंबवाल्याची पोरगी, वय वर्षं तेहतीस, जानेवारीतल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये सगळ्या बायकांत दुसरी आली, म्हणजे सत्कार करायलाच हवा. निवेदन करणारा तरुण कुठून तरी पाठ करून आला होता. माझं नाव घेण्याआधी तो थांबला, आवाज चढवला आणि म्हणाला, या आहेत आपल्या भागाच्या लेट ब्लूमर, प्रांजलताई. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, शेजारच्याला कोपराने ढोसून विचारलं, म्हंजी काय? शेजारच्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा नानासो सर उठले. माझे शाळेतले खेळाचे शिक्षक, आता वडूजजवळ स्वतःची अकादमी चालवतात. त्यांनी त्या पोराच्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाले, मी सांगतो म्हंजी काय ते.

"ही सोळा वर्षांची असताना हिची निवड झाली होती," सर म्हणाले. "पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात. हे हिला आज पहिल्यांदा कळतंय, बघा तिचं तोंड. मी तिला सांगितलंच नाही. सांगितलं, नाव नाही आलं, थोडक्यात गेलं. का? तुम्ही सगळे बागायतदार बसलाय. नव्या झाडाची पहिली कळी ठेवता का? खुडून टाकता. बहर धरायच्या आधी झाडाला पाणी देता का? तोडता. ताण देता, पानं गळू देता, आणि मग सोडता पाणी. मी या पोरीला ताण दिला. आता बहर बघा."

सभागृह हसलं आणि टाळ्या. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या रोजच्या कामातलंच सर बोलले होते. माझे हात थांबले आणि मी आबांकडे बघितलं. मला वाटलं, ते उठतील. निदान दचकतील. आबा मान हलवत होते. ऐकून पाठ असलेल्या गोष्टीचा शेवट आला की माणूस जशी मान हलवतो तशी, सावकाश, समाधानानं. मग त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि ते आनंदाचं होतं. त्यानंतर फोटो निघाले. सगळ्या फोटोंत मी हसतेय. पळणाऱ्या माणसाला तोंड सांभाळायची सवय असते, शेवटच्या टप्प्यात जीव चाललेला असला तरी रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यासाठी ते आपोआप हसतं. डाळिंबाचा एक क्रेट मला भेट मिळाला. तो उचलून गाडीपर्यंत सरांनीच नेला. म्हणाले, तू कशाला उचलतीस, तुझी कंबर जपायला पाहिजे. माझी कंबर ते अजूनही जपतात.

गाडी सरांची, चालवणारे सर, शेजारी आबा, मागे मी, क्रेट आणि नारळ. विटा-मायणीवरून वडूजला जायचं, आबांना गावात सोडायचं, आणि उद्या सकाळी मी साताऱ्याला माझ्या घरी, माझ्या पाटबंधारे खात्याच्या टेबलाशी. मी फोनवर तो शब्द शोधला. ब्लूम. फूल. बहर. ऐन उमेद. गालांवरची लाली. पिकलेल्या फळावर असते ती पांढरी पूड. एवढ्याशा शब्दाच्या पोटात केवढं काय काय, आणि सगळं छान छान. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात मी रोज पहाटे पळते. सप्टेंबरात कासला जाणाऱ्या गाड्या माझ्या शेजारी येऊन वेग कमी करतात, काच खाली होते, आणि पुण्याची कुणी बाई विचारते, मॅडम, वर फुल ब्लूम आहे का आत्ता? म्हणजे फुलं त्यांच्या सुट्टीला हजर आहेत ना, एवढंच. मी पळता पळता हो म्हणते. तासगाव आलं तेव्हा सरांनी रस्त्याकडेला गाडी थांबवून द्राक्षं घेतली. विकणारीनं घड देठाला धरून उचलला, मण्यांना बोट न लावता, तसाच पिशवीत सोडला. सरांनी एक मणी तोडला, अंगठ्यानं चोळून चोळून लख्ख केला आणि मागे वळून माझ्यासमोर धरला. खा, म्हणाले, साखर हाय नुसती. वरची पांढरी पूड त्यांच्या अंगठ्याला लागली होती आणि ती त्यांनी पँटला पुसली. मी द्राक्ष घेतलं आणि हातात धरून बसले.

थोडक्यात गेलं. हा शब्द त्यांनी माझ्या हाती दिला त्या दिवशी शाळेच्या मैदानावर दुपार होती, मी फक्कीनं आखलेल्या रेषांवर बसले होते आणि स्कर्टला मागून पांढरं लागलं होतं. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नाव न्हाई आलं पोरी, लय थोडक्यात गेलं. मी विचारलं, किती थोडक्यात? ते म्हणाले, आता ते कशाला. आणि खरंच, ते कशाला हे मला पुढं सतरा वर्षं कळलं नाही, कारण मी ते थोडकं शोधत राहिले. आधी ते डाव्या टाचेत सापडलं. डावी टाच उशिरा उचलते, असं मला वाटायला लागलं. मग ते वळणावर सापडलं, साताऱ्याच्या मैदानावर निवडीच्या दिवशी दुसऱ्या वळणाला मी बाहेर गेले होते. मग छातीत. मग आईच्या स्वयंपाकात, आमच्या ज्वारीत, आमच्या पाण्यात. शेवटी ते स्वभावात जाऊन बसलं. लग्नात बस्त्याला चांगलं लुगडं दुसरीनं उचललं तर मला वाटायचं, गेलं थोडक्यात. परीक्षेत, नोकरीत, भांड्यावर झाकण नीट बसलं नाही तरी. माझा नवरा दिग्विजय फौजेत आहे. सुट्टीवर आला की म्हणायचा, तुझ्या तोंडात हा काय शब्द बसलाय, कुणी तोंडावर मारल्यासारखा बोलतेस. त्यानंच मला पुन्हा पळायला लावलं, तिशीत. घाटात पहिल्यांदा पळाले तेव्हासुद्धा मी टाचेकडे लक्ष ठेवून होते. जी कमी माझ्यात नव्हतीच ती मी इतकी वर्षं अंगाखांद्यावर वागवली, तिला जपलं, तिच्याशी बोलले. आणि ती सरांनी बोलता बोलता तयार केली होती. दुपारच्या दोन तासांच्या मधे, घंटा व्हायच्या आत.

त्याच वर्षी आबांनी मेंढरं विकून डाळिंब लावलं होतं. विट्याच्या पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंना बागा लागल्या. फेब्रुवारी, म्हणजे आंबेबहराची कळी निघालेली, झाडं लालबुंद. आबा काचेतून बाहेर बघत मोजमाप घेत होते, हिला मादी कळी चांगली निघालीय, हिची सगळी गळणार. सल्ला द्यायला येणारी मुलं आता फ्लॉवरिंग म्हणतात, आबा कळीच म्हणतात. आमच्या बागेला पहिल्या वर्षी अशीच कळी आली होती. गुडघ्याएवढी झाडं, आणि लाल, टणक, मेणानं केल्यासारख्या कळ्या. मी हरखून ओरडले होते. आबा म्हणाले, खुडा. मी, आई आणि आबा तीन ओळींत बसलो आणि एकेक झाड रिकामं करत गेलो. नख लावलं की टक असा आवाज व्हायचा. मी विचारलं होतं, आबा, हिला आपलं ऐकू येत असंल का? आबा म्हणाले होते, "झाडाला काय कळतंय. त्येला वाटतंय आपली येळ आली." आई हसली होती. आई आता नाही, तिला विचारता येत नाही. पण ती त्या संध्याकाळी मला जवळ घेऊन बसली होती, तिनं माझी लाल झालेली बोटं धुतली होती, एकेक, फार वेळ. तेव्हा मला वाटलं होतं, माझं नाव आलं नाही म्हणून ती माझी समजूत काढतेय. आता गाडीत बसून मला त्या पाण्याचाही संशय यायला लागला. अशी ही गोष्ट असते. एक खोटं निघालं की मागची चांगली चांगली माणसंसुद्धा एकेक करून चौकशीला उभी करावी लागतात.

"आबा," मी म्हणाले, "तुमास्नी म्हाईत हुतं?"

सरांनी आरशात बघितलं. आबांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचं टक्कल आणि त्यावरची टोपी मला दिसत होती, मेळाव्यासाठी नवीन घातलेली.

"व्हय," आबा म्हणाले. "सर घरी आलं हुतं. म्हनलं, आताच धाडली तर मोडंल. पयली कळी काढाय लागती. मला पटलं. बागंत आपन तेच करत हुतो की." थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, ते पुन्हा म्हणाले, "आनि तू घरात हुतीस तर बरं वाटायचं."

हे त्यांनी न बोलता ठेवलं असतं तर बरं झालं असतं. माझा राग सरळ चालला होता, त्याला या एका वाक्यानं खड्डा पाडला. मला घरात ठेवून घेतलं कारण मी घरात असले की बरं वाटायचं. कुठल्या पोरीला हे ऐकायला आवडणार नाही? मलाही एरवी आवडलं असतं. पुढची दोन वर्षं मी घरात होते आणि संध्याकाळी भाकरी थापताना आबा चुलीसमोर बसून माझ्याशी बोलायचे, आणि मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, यांची मान मी खाली घातली, थोडक्यासाठी. त्यांच्यासमोर मला लाज वाटायची. आणि ते मला लाजताना बघत होते, रोज, आणि पुढ्यातली भाकरी मोडत होते. फसवणूक झाली ती निवडीची नव्हे. निवड गेली, ठीक, पोरींच्या कितीतरी निवडी जातात. माझी लाज खोटी होती आणि ती खोटी आहे हे माझ्याच घरात ठाऊक होतं, एक मला सोडून.

सरांनी मग समजावायला घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायला नको वाटतं, पण आहे ते आहे. माझे पहिले बूट त्यांनीच आणले, ताप आला तेव्हा सायकलवरून दवाखान्यात त्यांनीच नेलं. त्यांनी मला पुण्याला गेलेल्या मुलींची नावं सांगितली. एकीचा गुडघा गेला, एक वर्षात परत आली आणि पुन्हा मैदानाकडे फिरकली नाही, एकीचं पुढं काहीच कळलं नाही. तवा गेली असतीस तर आज हा फेटा बांधला नसता कुनी, म्हणाले. असेलही खरं. हेच तर जास्त लागतं. मी तिथं मोडले असते की मोठी झाले असते हे आता जगातल्या कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. आणि आंतरशालेय स्पर्धेची ढाल? ती दोन वर्षं माझ्या पायांवर शाळेत आली, सरांचा फोटो तालुक्याच्या पेपरात आला, त्यावरच पुढं अकादमी उभी राहिली. हे मी बोलले नाही. मी फक्त म्हणाले, "मोडले असते तर माझी मी मोडले असते, सर." त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाले, फेट्यानं डोकं तापलंय तुजं, काढ तो. मी फेटा काढला. कपाळावर वळ उठला होता आणि तो दुखत होता.

मायणी मागं पडल्यावर सर म्हणाले, वाटेत पाच मिनिटं थांबायचंय. अकादमीतली एक पोरगी आहे, पूजा, अकरावीला, तिच्या घरी. पोरगी लय गुणी. दोन दिवस जेवली नाही, रडतेय. तू नुसता धीर दे, म्हणाले, तुझं ऐकंल. तुझा फोटो लावलाय तिनं भिंतीला. सांग, मी पण थांबले, उशिरा फुलले, काय बिघडलं? मी विचारलं, का रडतेय? रस्त्यावर ऊस वाहणारी ट्रॅक्टरची जोडट्रॉली आडवी आली होती, ती ओलांडून झाल्यावर सर म्हणाले, पुण्याची निवड हुती. नाव आलंय तिचं. निरोप माझ्या फोनवरच येतो. म्हैनाअखेर हजर व्हायचंय. अजून एक वर्ष माझ्या हाताखाली ऱ्हाऊ दे, मग बघू. तिला काय सांगितलंत, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलंच, अगदी सहज, थोडक्यात गेलं म्हनलं. आबांची टोपी हलली नाही. माझ्या हातातलं द्राक्ष कधी फुटलं कोण जाणे, तळवा चिकट झाला होता.

म्हणजे माझा फेटा यासाठी होता. मी कुणी पळणारी बाई नव्हते, मी सरांचा पुरावा होते. मला दाखवून आता दुसऱ्या झाडाचं पाणी तोडायचं होतं. ऑफिसात मी कालव्याच्या पाळ्या लावते, कुणाला पाणी कधी सोडायचं त्याचे कागद माझ्या टेबलावरून जातात, आणि लोक येऊन पाया पडायचे तेवढे बाकी ठेवतात. मला नेहमी वाटायचं, केवढी ही सत्ता माणसाला. नुसतं अडवून ठेवायची.

पूजाचं घर रस्त्यालाच होतं, पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण. उन्हं कलली होती. तिची आई शेळ्यांना पाला टाकत होती, तिनं पदर सावरून सतरंजी आणली, आवं या या करत पाणी आणलं. पोरगी दारात उभी राहिली. काटकुळी, नाक सुजलेलं, पायात अकादमीचे बूट. माझ्याकडे बघून तिला हसायचं होतं पण जमेना. सरांनी मला बोलायची खूण केली. मी सतरंजीवर बसले, आबा माझ्या शेजारी टेकले. पूजा माझ्यासमोर येऊन बसली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं उजव्या पायाचा बूट काढला.

"ताई," ती म्हणाली, "माजी टाच बघा की. उशिरा उचलती का? सर म्हनलं थोडक्यात गेलं. मला वाटतंय हितंच गेलं."

मी तिची टाच हातात घेतली. भेगा पडलेली, गरम, कुठंही कमी नसलेली टाच. माझ्या चिकट तळव्याला तिची माती लागली. मला खूप बोलता आलं असतं, वाटेत मी ते जुळवतही आले होते, पण घशातून एवढंच निघालं.

"तुझ्या टाचेला काही झालेलं नाही. तुझं नाव आलंय, पूजा. महिनाअखेर पुण्याला हजर व्हायचंय."

तिची आई पाला हातात धरून उभी राहिली. सर म्हणाले, प्रांजल. पोरीला आधी कळलंच नाही, मग एकदम कळलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, परत उघडलं, आणि तशीच, एका पायात बूट, सरांकडे वळून अगदी विश्वासानं म्हणाली, "सर, तुमी इसरला व्हय सांगायचं?"

सरांना तेवढी वाट मिळाली होती. पोरीनंच काढून दिली होती. ते हसायला लागले, व्हय म्हणणारच होते, त्यांचे ओठ तसे झालेही. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, बारीक, घोगरा.

"इसरलं न्हाईत," आबा म्हणाले. "लपवलं. मीबी लपवलं हुतं, हिच्यापासनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मला जमलं नाही, आणि पुढं कधी जमेल ते आज सांगता येणार नाही. मी पूजाकडे बघत होते. आबांचं बोलणं अजून तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, नुसतं नाव पोचलं होतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, गाल तांबडे, आणि तोंडात न मावणारं हसू. सोळाव्या वर्षी, त्या दुपारी, मी अशी दिसले असते.